वरखर्चाला फाटा

परीक्षा संपल्या, निकालपत्रकं हातात पडली, की घराघरांतून एकच धोशा सुरू होतो. ‘आई, यंदा कुठं न्यायचं ते सांग!’ पूर्वी ह्या प्रश्नाला ‘मामाच्या गावाला’ हे ठरलेलं उत्तर होतं. आता मामाच दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो, मामी सकाळी आठला कामावर जाते आणि मामाच्या गावची विहीर बुजून तिथं पार्किंग झालेलं असतं. त्यातून पोरांच्या वर्गातलं कुणीतरी नुकतंच खोपोलीच्या इमॅजिकाला जाऊन आलेलं असतं. मग काय विचारता! त्या उंच वळणावळणाच्या गाडीचं वर्णन आपल्या जेवणाच्या ताटापाशी रोज ऐकायचं.

माझा अशा ठिकाणांवर राग नाही हं. गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ साली सुरू झालं, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रातल्या मुलांना तिथं जायचं होतं, आणि २०२२ साली ते बंद झालं तेव्हा आता मोठ्या झालेल्या त्याच मुलांना चुटपुट लागली. इमॅजिका २०१३ मध्ये आलं. म्हणजे हौस काही नवी नाही. माझं म्हणणं आहे ते तिकिटानंतरच्या खर्चाबद्दल. तिकिटाचा आकडा आपल्याला आधी कळतो, तेवढे पैसे आपण दोन-चार महिने बाजूला टाकतो. घराचा हिशेब कोलमडतो तो आत शिरल्यावर. थंड पेय, कणसाचे दाणे, लॉकर, पाण्यात जायचे कपडे, पाळण्यातून उतरताना आपलाच घाबरलेला चेहरा छापून विकायला ठेवलेला फोटो, आणि बाहेर पडायची वाटच मुळी खेळण्यांच्या दुकानातून काढलेली!

ह्याची गंमत अशी, की हा धंदा पहिल्यापासून असा नव्हता. आपल्या जत्रेत पाळण्याला वेगळे पैसे, मौत का कुआँ बघायला वेगळे. अमेरिकेत १९५५ साली डिस्नेलँड उघडलं, तिथंसुद्धा लवकरच तिकिटांची पुस्तकं निघाली. साध्या खेळाला एक अक्षर, भारी खेळाला दुसरं. पुस्तकातली पानं संपली की खेळ संपला. १९८२ साली त्यांनी ती पद्धत बंद केली आणि एकाच तिकिटात सगळं अशी रीत ठेवली. आपल्याकडच्या मोठ्या बागांनीही तीच उचलली. आता खेळ एका तिकिटात बसले म्हटल्यावर बाकीची कमाई कशातून करायची? आपल्या भुकेतून, तहानेतून आणि पोरांच्या हट्टातून. त्यात तिकिटावर जीएसटी आहेच. २०१७ मध्ये तो २८ टक्के लावला होता, जानेवारी २०१८ पासून १८ वर आणला. माझ्यासारखीला हे आकडे पाठ कसे, असं आमचे हे विचारतात. अहो, ज्याच्या हातात डायरी त्याच्या डोक्यात आकडे!

पण आज तुम्हांला सांगायचं आहे ते माझ्या नणंदेबद्दल. वन्संना विचारूनच लिहिते आहे. त्या म्हणाल्या, ‘लिहा वहिनी, फक्त नाव घालू नका.’

वन्सं कराडला असतात. भाड्याच्या जागेत त्यांच्या यजमानांचं कपड्यांचं छोटंसं दुकान होतं. ते दोन वर्षांपूर्वी बंद करावं लागलं. आता ते दुसऱ्याच्या दुकानात कामाला जातात आणि वन्सं घरी भडंग, चटण्या करून विकतात. दोन मुलं, थोरला अकरा वर्षांचा, धाकटी नऊ. माझीही दोन साधारण त्याच वयाची. दर सुट्टीत वन्सं चार दिवस माहेरी येतात आणि दर सुट्टीत आमचे हे उत्साहानं ‘चला, सगळ्यांना कुठंतरी घेऊन जाऊ’ म्हणतात.

आता बहिणीवर खर्च करायला भावाला काहीच वाटत नाही. पण बहिणीला वाटतं, हे पुरुषांच्या लक्षात येत नाही. दुकान बंद झालं त्या उन्हाळ्यात मी एक गोष्ट पाहिली. आम्ही सगळे सहज पाय मोकळे करायला निघालो होतो. कोपऱ्यावर कुल्फीवाला दिसला. माझा मुलगा ओरडायच्या आत वन्संचा थोरला म्हणाला, ‘मामी, मला नको हं. माझा घसा धरलाय.’ घसाबिसा काही धरला नव्हता, चांगला खणखणीत बोलत होता. एवढ्याशा पोरानं कुणी विचारायच्या आधीच ‘नको’ म्हणायला शिकावं! आणि त्याची आई दुसरीकडे तोंड करून पदर सारखा करत होती. कुल्फी ह्यांनी सगळ्यांना घेतलीच. त्यानं खाल्लीसुद्धा, पण मुलानं खावी तशी नाही.

त्या रात्री मी मनाशी ठरवलं, की आता आम्ही बाहेर जाऊ ते एका नियमानं. जे आधी ठरलं तेवढंच, त्यावर एक पैसा नाही. आणि तो नियम पाहुण्यांना नाही, सगळ्यांना. माझ्या मुलांना, ह्यांना, सासूबाईंना, मलाही. तुम्ही म्हणाल, ह्यात काय मोठं? पण करून बघा. एका मुलाला मिळतं आणि दुसरं ‘नको’ म्हणतं, हा प्रकारच मग उरत नाही. कुणालाच काही मिळणार नसलं की ‘नको’ म्हणायची पाळी येत नाही.

ह्यांना हे पटवायला मला दोन दिवस लागले. ‘अगं, पन्नास रुपयांचा फुगा घेतला तर काय बिघडलं?’ हे त्यांचं टुमणं. मी म्हटलं, ‘तुम्ही चार फुगे घ्याल. मग वन्सं चार कणसं घेतील, कारण त्यांना परतफेड करायला हवी. आणि त्या कणसांचे पैसे त्यांच्या परतीच्या तिकिटातून जातील.’ त्यावर ते काही बोलले नाहीत. बहिणीचा स्वभाव त्यांना माहीत आहे.

जागा निवडली ती स्वारगेटची. त्यामागं कारण होतं. वन्सं एसटीनं स्वारगेटलाच उतरतात. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना ते पहिल्यापासून अर्धंच होतं. म्हणजे आई आणि दोन मुलं मिळून दीड तिकीट! ही सवलत शहरातल्या बसला नाही, तेव्हा स्वारगेटहून पुढं जितकं पायी जाता येईल तितकं बरं. आणि खरोखर, स्वारगेटहून पायी जाण्याजोगं इतकं आहे, की आम्ही पुणेकर ते एसटी पकडायच्या घाईत विसरूनच गेलो आहोत.

स्टँडवरून दहा-पंधरा मिनिटं चाललं की सारसबाग. आत जायला पैसे लागत नाहीत. मधोमध तळ्यातला गणपती. ही सगळी जागा एके काळी खरंच तळं होती. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी ते करवून घेतलं, मध्ये एक बेट राखलं, आणि त्या बेटावर सवाई माधवरावांनी १७८४ साली गणपतीची स्थापना केली. पुढं तळं बुजून बाग झाली. आता देवळाभोवती तेवढं पाणी उरलं आहे, त्यात कमळं असतात. थंडीत ह्या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात, हे ऐकून वन्संच्या धाकटीला इतका आनंद झाला, की आता डिसेंबरातही यायचं असं तिनं तिथंच जाहीर केलं.

शेजारी पेशवे पार्क. इथं सासूबाईंचा भाव एकदम वधारला. इथले प्राणी पुढं कात्रजला हलवले, त्याआधीचं पार्क त्यांनी पाहिलेलं. ‘इथं वाघ असायचा, इथं अस्वल’ असं त्या मोकळ्या जागा दाखवत सांगत होत्या आणि चारही मुलं डोळे विस्फारून त्या नसलेल्या वाघाकडे बघत होती. रात्री डरकाळी पार पर्वतीच्या पायथ्याच्या घरांत ऐकू यायची म्हणे. त्याआधीही पेशव्यांचा शिकारखाना ह्याच भागात होता, सवाई माधवरावांना प्राण्यांचा षोक फार. सासूबाई एरवी दहा पावलांवर ‘गुडघे दुखतात’ म्हणतात, त्या दिवशी तासभर मुलांपुढं चालत होत्या. वाटाड्याचं मानधन शून्य!

आणि मग फुलराणी. पुण्यातल्या तीन पिढ्या ह्या छोट्या आगगाडीत बसल्या आहेत. १९५६ सालापासूनची ही गाडी. नाव घेतलं की बालकवींची कविता आठवते, पण मुलांना कवितेशी कर्तव्य नव्हतं, शिट्टीशी होतं. (ही गाडी मधूनमधून दुरुस्तीला जाते. तेव्हा मुलांना आधी वचन देऊ नका, चौकशी करून मगच सांगा.) आम्ही गेलो तेव्हा सुरू होती. खिडकीपाशी आम्ही पोचतो तोच वन्सं पुढं झाल्या, कमरेचा रुमाल काढला आणि म्हणाल्या, ‘ही तिकिटं माझ्याकडून.’

ह्यांचा हात खिशाकडे गेलाच. मी डोळ्यांनी दटावलं. मैत्रिणींनो, त्या क्षणी ‘छे छे, तुम्ही कशाला’ म्हणणं फार सोपं असतं आणि आपल्याला ते चांगुलपणाचं वाटतं. पण माझ्या मते तो चांगुलपणा नाही. रुमालात त्यांनी घरून सुटे पैसे मोजून आणले होते. नियम मी आदल्या रात्री सगळ्यांना सांगितला होता, ‘देऊळ, फुलराणी आणि डबा, बाकी काही नाही.’ त्यामुळे नेमके किती लागतील हे त्यांना ठाऊक होतं आणि तेवढे त्यांना झेपणारे होते. ठरलेला खर्च असला की कमी पैसेवाल्यालाही आपला वाटा उचलता येतो. वरखर्चात तो बिचारा सारखा मागं पडत राहतो. आज माझी मुलं शाळेत सांगतात, ‘आत्यानं आम्हांला फुलराणीत बसवलं.’ बस आणि केळी ह्यांनी केली, ते कुणाच्या लक्षातही नाही.

डब्याचं आता सांगते, कारण सगळी मदार त्याच्यावर असते. पोटात भूक असली की नियम टिकत नाही. मी दशम्या केल्या होत्या. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवली की दोन दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि बटाट्याची कोरडी भाजी. काकडी घरून चिरून नेऊ नका, पाणी सुटतं. अख्खी न्या, सुरी न्या, मीठ पुडीत. वन्संनी कराडहून भडंग आणलं होतं. घरून कांदा-टोमॅटो आणि बाटलीत चिंचेचं पाणी घेतलेलं होतं, ते तिथं कालवून पातेलंभर भेळ झाली. सारसबागेबाहेरच्या चौपाटीवरून खमंग वास येतो, हे काही खोटं नाही. म्हणूनच चौपाटीच्या दिशेला जायच्या आत मुलांची पोटं भरलेली हवीत. पाण्याच्या दोन बाटल्या आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवल्या, तर दुपारपर्यंत गार पाणी पुरतं. भरताना थोडी रिकामी ठेवा, नाहीतर बाटली फुगते. जुनी चादर आणि लिमलेटच्या गोळ्या. गोळ्या हा वरखर्च नाही, त्या घरून आणलेल्या असतात. माझ्या मुलानं हा मुद्दा वकिलासारखा लढवला आणि मी मान्य केला.

फुगेवाला आला का? आला तर! चादरीभोवती तीन फेऱ्या मारल्या त्यानं. माझी मुलगी माझ्याकडे बघायला लागली, तेवढ्यात वन्संचा थोरला तिला म्हणाला, ‘आज कुणालाच नाहीये.’ मोठ्या मजेत म्हणाला, आणि दोघं उठून गवतावर कोलांट्या मारायला गेली. घसा धरल्याचं कुणी काही बोललं नाही.

आठ माणसांचा तो सबंध दिवस पाचशे रुपयांच्या आत झाला, त्यात बसचे पैसे धरून. दुसऱ्या दिवशी कात्रज. स्वारगेटहून तिकडच्या बस सारख्या सुटतात. प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, हे वहीत लिहून ठेवा. उन्हातान्हात मुलांना घेऊन बंद दारापाशी उभं राहण्यासारखं दुसरं दुःख नाही. आत फिरायला बॅटरीची गाडी मिळते, तिचे वेगळे पैसे. सासूबाईंना आम्ही त्या दिवशी घरी विश्रांतीला ठेवलं आणि बाकीचे चाललो. आवार मोठं आहे, पण झाडी आहे, आणि वाघ गाडीतून निसटता दिसतो तो चालणाऱ्याला निवांत दिसतो. कुंपणापाशी चांगली वीस मिनिटं उभे होतो. शेजारच्या तळ्याचंही मुलांना सांगा. ह्या कात्रजच्या तळ्यातून नानासाहेब पेशव्यांनी नळ टाकून शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलं. आमच्या नळाला सकाळी करंगळीएवढी धार येते, ते आठवून हे म्हणाले, ‘आता पेशव्यांनाच अर्ज करू या.’

मेट्रोचंही एक सांगते. २९ सप्टेंबर २०२४ पासून जमिनीखालची मेट्रो स्वारगेटपर्यंत आली. कराडच्या मुलांना सरकता जिना हाच मोठा खेळ. स्वारगेटहून न्यायालयाच्या स्थानकापर्यंत गेलो. वाटेत मंडई, कसबा पेठ, आणि मग गाडी चक्क मुठा नदीच्या खालून जाते. न्यायालयाचं स्थानक शंभर फुटांहून खोल. वर यायला एकामागून एक जिने. चारही मुलं वर पोचल्यावर ‘पुन्हा खाली!’ म्हणून ओरडली. हे तिकीट नियमात बसतं का, यावर घरात वाद झाला. आदल्या रात्री ठरवलं होतं, तेव्हा बसतं, असा मी निकाल दिला.

आता तुम्ही म्हणाल, बागा नि गणपती ठीक आहे, पण मुलांना ते मोठं वॉटर पार्क हवं असतं त्याचं काय? तिथंही आम्ही गेलो, पुढच्या वर्षी, ह्याच नियमानं. कुठलं ते सांगत नाही. मात्र काही गोष्टी सगळीकडे सारख्याच. आधी ठरवून ऑनलाइन तिकीट काढलं, आणि ते शनिवार-रविवार सोडून, तर बहुधा स्वस्त पडतं. बऱ्याच ठिकाणी मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर असतं. घरच्या दाराच्या चौकटीला उभं करून माप घ्या, म्हणजे दारात वाद नको. पाण्यात जायला नायलॉनचेच कपडे लागतात, सुती चालत नाहीत, आणि ते तिथं भाड्यानं घेणं महाग जातं. मोठ्या बहिणींचे, शेजारणींचे मागून न्या, लाजू नका. घड्याळ, दागिने, पर्स घरी. नेलंच नाही तर लॉकरमध्ये ठेवायचं काय? आठ जणांचं सामान एका पिशवीत आणि ती पिशवी सासूबाईंपाशी सावलीत. पाण्यात त्या उतरणार नव्हत्याच.

बाहेरचं खाणं बहुतेक पार्कांत आत नेऊ देत नाहीत. त्यासाठी आम्ही एसटीतच दशम्या खाऊन घेतल्या आणि राहिलेला डबा परतीच्या स्टँडवर उघडला. दुपारचं एक जेवण मात्र आत घ्यावं लागतं. ते मी तिकिटातच धरलं होतं, तिकिटाबरोबरच त्याचे पैसे भरले. काही बायका म्हणतात, उपाशी राहू, संध्याकाळी घरी जेवू. मला हे पटत नाही. पाण्यातून निघालेल्या मुलाला भूक किती लागते! भुकेल्या पोराला समोरच्या टेबलावरचा डोसा बघायला लावणं म्हणजे काटकसर नव्हे, तो छळ झाला. काटकसर अशी हवी, की तिचा पोरांना पत्ता लागू नये.

त्या फोटोचं काय झालं तेही सांगते. घसरगुंडीवरून उतरल्यावर भिंतीवर आमचा आठ जणांतल्या सात जणांचा फोटो लागला होता. वन्सं मधोमध, तोंड उघडं, डोळे मिटलेले, केस उडालेले. लग्नानंतर त्यांना इतकं मोठ्यानं हसताना मी पाहिलं नव्हतं. त्या क्षणी मला वाटलं, मोडावा का नियम? हात पिशवीकडे गेलाही. पण वन्संनीच माझं मनगट धरलं. म्हणाल्या, ‘वहिनी, कुणालाच नाहीये ना?’ मग आम्ही तो फोटो सगळ्यांनी मिळून नीट पाहून घेतला. मागची रांग कुरकुरेपर्यंत पाहिला.

यंदा मे महिन्यात त्या परत येत आहेत. पर्वती चढायचं ठरलं आहे. पायऱ्या एकशे तीन, चढायला पैसे नाहीत. सासूबाई म्हणतात, मी खाली चादर राखते. यजमानही ह्या खेपेस दोन दिवसांची रजा काढून येणार आहेत, असा परवाच फोन होता. भडंग किती आणू, असं विचारत होत्या. मी दोन किलो सांगितलं आहे. त्यातलं एक आमच्या सोसायटीतल्या बायकांनी रोख पैसे देऊन आधीच मागून ठेवलंय.